गिटार आणि बँजोच्या पिकअपसाठी बारीक तांब्याची तार: कोणती घ्यावी, कुठं मिळंल?

गोदाकाठ (गंगाखेड)

राम राम मंडळी. आमच्याकडं लग्नसराईत आणि गणपतीच्या तोंडावर बँजो पार्ट्यांचे बँजो दुरुस्तीला येतात, अधूनमधून एखादी इलेक्ट्रिक गिटार. निम्म्या वेळा दुखणं एकच, पिकअप (तारांची थरथर विजेत बदलणारी, चुंबकाभोवती बारीक तार गुंडाळलेली कॉईल) मेलेला. मल्टीमीटर लावला की काही दाखवत नाही, आत कुठंतरी तार तुटलेली. गिटारीला तयार चिनी पिकअप बसवून देता येतो, बँजोच्या मापाचा दरवेळी मिळतोच असं नाही. चुंबक, बॉबिन (तार गुंडाळायचा साचा) सगळं धडधाकट असताना फेकून द्यायला जिवावर येतं. म्हणून स्वतःच गुंडाळावं म्हणायलोय. शिलाई मशीनची मोटर आहे, पायाच्या कंट्रोलसकट.

अडलंय ते तारेवर. इंग्रजी व्हिडिओत सगळे '४२ गेज' (तारेच्या जाडीचा नंबर) म्हणतात. परभणीत मोटार भरणाऱ्यांकडं विचारलं, ३६-३७ नंबरपेक्षा बारीक कुणी ठेवत नाही. एका इलेक्ट्रिकलवाल्याकडं मात्र ४२ नंबरचं रीळ निघालं. तार बारीक आहे, पण जुन्या पिकअपमधली तार शेजारी धरली की ती हिच्याहून पुष्कळच बारीक दिसते. दुकानदार म्हणतो, ४२ म्हणजे ४२, घेऊन जा.

घ्यावी का? आणि कोटिंगच्या रंगानं (लाल, सोनेरी, काळपट जांभळी) आवाज बदलतो म्हणतात ते खरं का? शेवटचं, ही तार मराठवाड्यात कुठं मिळंल, का पुणं-मुंबई गाठावंच लागतं?

वाळूज शिफ्ट (संभाजीनगर)

थांबा, घेऊ नका.

व्हिडिओवाले बोलतात ते अमेरिकन गेज, एडब्ल्यूजी. आपल्या बाजारात नुसता नंबर सांगितला की दुकानदार एसडब्ल्यूजी धरतो, म्हणजे ब्रिटिश माप. दोन्हींत नंबर वाढला की तार बारीक होते, म्हणून सारखेच वाटतात. पण अमेरिकन ४२ म्हणजे ०.०६३५ मि.मी. आणि आपला ४२ म्हणजे ०.१०१६ मि.मी. क्षेत्रफळात अडीचपट फरक. दुकानदारानं फसवलेलं नाही, त्याच्या हिशेबानं तो बरोबरच आहे.

तुम्हाला हवी ती तार आपल्या नंबरात ४५ आणि ४६ च्या मध्ये पडते (४५ म्हणजे ०.०७१, ४६ म्हणजे ०.०६१). टेलिकास्टर गिटारीच्या नेक (मानेकडच्या) पिकअपला लागणारी अमेरिकन ४३ ही ०.०५६, ती आपल्या ४६-४७ च्या मध्ये. अमेरिकन ४४ मात्र जवळजवळ आपली ४७.

नंबराच्या भानगडीत पडूच नका. आमच्याकडं कारखान्यात तारेची ऑर्डर मिलिमीटरमध्येच जाते. ०.०५०, ०.०५६, ०.०६३, ०.०७१ अशी मापं ठरलेली आहेत आणि त्यातली ०.०६३ ही तुमची तार. फोनवर विचारतानासुद्धा 'पॉइंट शून्य सहा तीन' एवढंच म्हणा.

तिरकस

आमच्या परभणीत ४२ म्हणजे मे महिन्यातलं तापमान. एवढं एकच ४२ आम्हाला फुकट मिळतं. (हलकेच घ्या.)

किलोओम (नांदेड)

तिरकस, थट्टेत म्हणालात पण त्या ४२ चाही इथं संबंध आहे, त्यावर खाली येते. आधी जाड तार घेतली असती तर काय झालं असतं ते आकड्यात बघू, कारण 'थोडी जाड असली तर बिघडतं कुठं' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात.

फेंडर कंपनीच्या स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) गिटारीसारख्या पिकअपवर साधारण ७,६०० ते ८,००० वेढे असतात. एका वेढ्याची सरासरी लांबी १४ सें.मी. धरा. ७,८०० वेढ्यांना झाली जवळपास १,१०० मीटर, म्हणजे सव्वा किलोमीटरला थोडी कमी तार एवढ्याशा बॉबिनवर! ०.०६३ ची तार मीटरला साधारण ५.५ ओम रोध (रेझिस्टन्स) दाखवते, म्हणून एकूण ६ किलोओम. पिकअपच्या खोक्यावर ५.५ ते ६.५ असे जे आकडे लिहिलेले असतात ते इथून येतात.

आता त्याच बॉबिनवर ०.१०१६ ची तार घाला. कोटिंगसकट ती ०.१२ च्या आसपास जाते. जागा तेवढीच, त्यामुळं जेमतेम तीन हजार वेढे मावतील. रोध येईल ९०० ओमच्या आसपास. तारेत निर्माण होणारा व्होल्टेज वेढ्यांच्या प्रमाणात असतो, म्हणजे आवाज निम्म्याहूनही खाली. पिकअप वाजेल, पण अँपचा आवाज कितीही चढवा, खरखरच पुढं येईल.

तापमानाचं असं की तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्क्यानं वाढतो. २० अंशाला ६ किलोओम असलेला पिकअप परभणीत ४५ अंशाच्या दुपारी ६.६ दाखवेल आणि डिसेंबरातल्या १० अंशाच्या पहाटे ५.७५ च्या आसपास. पिकअप तोच. तेव्हा उन्हाळ्यात मोजलेला आकडा अमेरिकेतल्या तक्त्याशी ताडून 'वेढे जास्त झाले वाटतं' म्हणत तार उलगडू नका.

गोदाकाठ

ताई, एका झटक्यात डोळे उघडले. वाळूज शिफ्ट, तुमचेही आभार. रीळ ठेवून आलो.

पण बँजोला किती वेढे ते कुठंच लिहिलेलं सापडंना. गिटारीचे तक्ते ढीगभर आहेत, बँजोचा एकही नाही. आणि जुना पिकअप तुटका, त्यामुळं रोधही मोजता येत नाही.

किलोओम

त्याला सोनाराचा काटा लागेल, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. मेलेल्या पिकअपची तार बॉबिनवरून पातीनं कापून सगळीच्या सगळी काढा आणि वजन करा. कापण्याआधी वरच्या थरातून सलग पाच-दहा मीटर तुकडा उलगडून बाजूला ठेवा. त्याचा मीटरमागे रोध काढलात की तार कोणत्या मापाची ते कळतं. ०.०६३ ची निघाली तर तांब्याचं वजन मीटरला ०.०२८ ग्रॅम. एकूण वजनाला त्यानं भागलं की लांबी आली. (कोटिंगचं वजन असतं, म्हणून उत्तरातून पाच-दहा टक्के वजा करा.) बॉबिनच्या आतल्या आणि बाहेरच्या वेढ्याची लांबी दोऱ्यानं मोजून सरासरी घ्या, लांबीला तिनं भागा, वेढे आले. शे-दोनशेचा फरक राहील. कानाला कळणार नाही.

भरणकाम (लातूर)

हिशेब ताईंनी केलेला बरोबर आहे. मी धंद्यातला माणूस, माझ्या बाजूचं सांगतो.

गोदाकाठ, मोटार भरणाऱ्याकडं ही तार शोधायला जाऊच नका. आमचं पोट शेतातल्या मोटारींवर. लाईट रात्रीची येती, व्होल्टेज पडलेलं असतं, मोटार जास्त करंट ओढती आन् जळती. त्याला लागती ती जाड तार. सीलिंग फॅनला ३४ ते ३७ नंबर, आमच्या गल्ल्यातली सगळ्यात बारीक तीच. त्याच्यापेक्षा बारीक तार कुठं असती? रिलेची कॉईल, छोटे सोलेनॉइड, गाडीच्या इग्निशन कॉईलची आतली बाजू. मोटारसायकलच्या मॅग्नेटोजवळ जी पिकअप कॉईल असती ना, तिच्यात चुंबक आन् बारीक तारेचे वेढे, म्हणजे तुमच्या गिटारीचीच चुलत बहीण. ऑटो इलेक्ट्रिशियन लोकांकडं, जे अजून कॉईल स्वतः भरतात, त्यांच्याकडं बारीक रीळ निघू शकतं. असे कारागीर कमी झालेत, पण लातूर-नांदेडला विचारून बघा.

जुन्या ट्रान्सफॉर्मरची तार उलगडून वापरू म्हणत असाल तर तो नाद सोडा. एकतर लहान ट्रान्सफॉर्मरची प्रायमरीसुद्धा बहुतेक वेळा तुम्हाला लागती त्याच्याहून जाड असती. दुसरं, एकदा वार्निश बसलेली तार उलगडताना कोटिंग उडतं. हजारो वेढ्यात चार जागी कोटिंग उडालं की वेढे आपापसात शॉर्ट. तेव्हा मीटरवर रोध जवळपास बरोबर दाखवतो आन् आवाज मात्र घोंगडीखालून आल्यासारखा. तुम्ही चुंबक बदलत बसाल.

आता पारख. दुकानदार ०.०६३ म्हणाला म्हणून घेऊ नका. साधं स्क्रूगेज ०.०१ पर्यंतच वाचतं, त्यात ०.०६३ आन् ०.०७१ वेगळं ओळखणं अवघड. दोन कामं करा. सुईवर तारेचे पन्नास वेढे अगदी चिकटून घाला आन् रुंदी मोजा. कोटिंगसकट साडेतीन मि.मी.च्या आसपास भरली पाहिजे. मग दहा मीटर तार सोडून टोकं साफ करून रोध बघा.

किलोओम

काकांच्या दुसऱ्या कामासाठी दहा मीटरचे आकडे देते, २० अंशाला, शुद्ध तांब्याचे: ०.०७१ ला ४३-४४ ओम, ०.०६३ ला ५५, ०.०५६ ला ७०, ०.०५० ला ८८. तो बाजारचा ४२ नंबर असेल तर फक्त २१. खोली ४० अंशाची असेल तर प्रत्येकात आठ टक्के मिळवा. एक-दोन ओम इकडंतिकडं झालं तर काळजी नको, तार ओढताना व्यासात तेवढा फरक पडतोच.

दोन्ही परीक्षा कराव्या लागतात त्याचं कारण अ‍ॅल्युमिनियम. तांब्याचा पातळ थर दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार बाहेरून हुबेहूब तांब्यासारखी दिसते. रुंदी ०.०६३ ची भरली आणि रोध मात्र ८५ च्या घरात आला, तर ती तार त्यातली. नुसता रोध बघितला असता तर तुम्ही तिला ०.०५० चं तांबं समजला असता.

निळा सूर (संभाजीनगर)

सगळे मापातच अडकलेत, आवाजाचं कुणी बोलेना.

गोदाकाठच्या रंगाच्या प्रश्नाला उत्तर: फरक पडतो, खूप पडतो. १९५४ मध्ये स्ट्रॅट आली तेव्हा फेंडर फॉर्मवारची तार वापरायचे. सोनेरी, जाड कोटिंगची. साठच्या दशकाच्या मध्यावर ते प्लेन इनॅमलवर गेले, ती काळपट जांभळी. गिब्सन कंपनीचे जुने हंबकर (दोन कॉईलचे पिकअप), ज्यांचा पेटंट अर्ज सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये केला आणि पेटंट १९५९ मध्ये मिळालं, ते प्लेन इनॅमलचे. फॉर्मवारचा चमकदारपणा वेगळा आणि प्लेन इनॅमलचा गोलवा वेगळा. आज बाजारात स्वस्तात मिळणारी लाल-हिरवी पॉलियुरेथेन तार दोन्हींतलं काहीच देत नाही. शिवाय तेव्हा तार हातानं सोडायचे. अबिगेल इबारा १९५६ पासून फेंडरमध्ये होत्या, त्यांच्या हातच्या पिकअपना आजही लोक जीव टाकतात. ती गोष्ट मिलिमीटरमध्ये मोजता येत नाही.

किलोओम

इतिहास बरोबर आहे. त्यातून काढलेल्या निष्कर्षाबद्दल मला शंका आहे.

कोटिंगमधून वीज जात नाही आणि चुंबकीय क्षेत्राला कोटिंगचं सोयरसुतक नाही. मग कोटिंग करतं काय? तांब्यापासून तांब्याचं अंतर ठरवतं. जाड कोटिंग म्हणजे वेढे थोडे दूर, कॉईल थोडी फुगीर, आणि वेढ्यांमधली धारिता (कपॅसिटन्स, वीज साठवून धरण्याची क्षमता) थोडी कमी. धारिता कमी म्हणजे पिकअपचा रेझोनन्स (ज्या कंपनसंख्येला तो सगळ्यात जास्त उचल देतो ती) थोडा वर, म्हणजे आवाज किंचित चमकदार. इथपर्यंत तुम्ही म्हणता ते खरं. पण 'थोडी' म्हणजे किती ते बघा.

स्ट्रॅटसारख्या कॉईलचं इंडक्टन्स २.३ हेन्री धरा. कॉईलची स्वतःची धारिता १०० पिकोफॅरड आणि गिटारपासून अँपपर्यंतच्या केबलची ५००. रेझोनन्स येतो ४,२८० हर्ट्झच्या आसपास. आता कोटिंग बदलल्यानं कॉईलची धारिता २० नं वाढली असं समजू. रेझोनन्स ४,२१५ ला येईल. दीड टक्का. आणि तुम्ही कोटिंग तेच ठेवून लांब केबल लावली, ९०० पिकोफॅरडची, तर तो ३,३२० वर घसरतो. ज्यांना कोटिंगचा फरक ऐकू येतो त्यांनी आधी आपली केबल मोजावी असं माझं मत आहे.

जुन्या पिकअपचे वेढे एकसारखे नसायचे, चुंबकं बदलायची, कॉईलवरचा ताण हातागणिक वेगळा. या सगळ्याचं श्रेय एकट्या रंगाला देणं बरं नव्हे. हातानं तार पसरवून सोडली की वेढे विस्कळीत बसतात आणि धारिता कमी होते, हे मात्र मान्य. ते कोणत्याही रंगाच्या तारेनं करता येतं.

निळा सूर

केबल मोजेन. पण माझ्या कानावर तुमच्या सूत्रापेक्षा माझा विश्वास जास्त आहे, हेही नोंदवून ठेवा.

दुसरं, लोक १२ किलोओमचा, १५ किलोओमचा पिकअप 'तगडा' म्हणून विकतात. त्यात तरी तथ्य आहे ना?

किलोओम

तार तीच असेल तरच. ०.०६३ चे ७,८०० वेढे ६ किलोओम देतात, तेवढेच वेढे ०.०५६ चे घातले तर साडेसात-पावणेआठच्या घरात जाईल. वेढे तेवढेच, चुंबक तेच, म्हणजे व्होल्टेजही जवळपास तेवढाच. फक्त मीटरवरचा आकडा मोठा. बारीक तारेचा खरा उपयोग लहान बॉबिनवर जास्त वेढे मावावेत एवढाच. टेलिकास्टरच्या चिंचोळ्या नेक पिकअपला अमेरिकन ४३ वापरली जाते ती त्याच गरजेपोटी.

तिरकस

+१. आमच्या गल्लीत बुलेटवाले सायलेन्सरचा आवाज ऐकून ताकद सांगतात, तसलंच हे.

वाळूज शिफ्ट

कोटिंगच्या बाबतीत मी ताईंच्या बाजूनं, पण कारण निराळं. नवशिक्यानं पॉलियुरेथेनच घ्यावी, कारण ती सोल्डरेबल असते. सोल्डरिंग आयर्नचं बिट साधारण ३९० अंशाला ठेवलं की कोटिंग आपोआप जळून कल्हई चढते. फॉर्मवार आणि प्लेन इनॅमलचं कोटिंग टोकाला घासून काढावं लागतं, आणि ०.०६३ ची तार पॉलिशपेपरनं घासणं म्हणजे दर तिसऱ्या खेपेला टोक तुटणं. पॉलियुरेथेन जळताना निघणारा धूर छातीला वाईट. खिडकी उघडी ठेवा, पंखा बाहेरच्या दिशेनं लावा, वाकून हुंगत काम करू नका.

पॉलिएस्टरची तार चुकून घेऊ नका. मोटारीसाठी उत्तम, उष्णता जास्त झेलते, पण सोल्डरला दाद देत नाही. दुकानात 'सोल्डरेबल आहे का' एवढा एक प्रश्न पुरतो. कोटिंगची जाडी विचारली तर ग्रेड १ सांगा. ग्रेड २ जाड असते, वेढे कमी मावतात.

आता कुठं मिळेल. आमच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा पट्ट्यात सोलेनॉइड, रिले, सेन्सर भरणारी लहान युनिटं आहेत. वाइंडिंग मशीनवर रीळ संपत आलं की शेवटचा थोडा भाग शिल्लक असतानाच उतरवतात, कारण मधेच तार संपली तर जॉब वाया जातो. अशा रिळावर शंभर-दोनशे ग्रॅम तार उरते. कंपनीच्या लेखी ते भंगार, तुमच्या लेखी दोनशे ग्रॅम म्हणजे सहा पिकअप. परचेसवाल्याशी रीतसर बोला, पावती घ्या, गेटपास करून बाहेर आणा. ऑपरेटरकडून खिशातून आणलेली तार नको, त्याची नोकरी जाते. रिळावरचं लेबल शाबूत असेल तरच घ्या, माप आणि कोटिंग त्यावर छापलेलं असतं.

नवीनच घ्यायची तर भाव असा ठरतो: तांब्याचा त्या दिवसाचा दर, वर तार ओढण्याची मजुरी. तार जितकी बारीक तितकी मजुरी चढी, त्यामुळं पंख्याच्या तारेच्या दरावरून अंदाज बांधून गेलात तर धक्का बसेल. पण एका पिकअपला तांबं ३१ ग्रॅमच लागतं. अर्ध्या किलोत पंधरा पिकअप. दर चढा असला तरी पिकअपमागे खर्च किरकोळच येतो.

हैद्राबादी नांदेडकर

गंगाखेड-परभणीकरांना पुण्यापेक्षा हैदराबाद सोयीचं पडतं. कोठी, ट्रूप बझार भागात इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं खच्चून भरलेली आहेत. देवगिरी एक्सप्रेस दोन्हीकडं जाते, इकडं सिकंदराबाद आणि तिकडं मुंबई. मुंबईला उतरलात तर लोहार चाळीत वाइंडिंग वायरवाले बसतात. पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी करा. कुठंही जा, निघण्याआधी फोनवर माप सांगून 'तुकड्यात देता का अख्खं रीळ घ्यावं लागेल' हे विचारा. एवढी बारीक तार तुकड्यात कुणी सहसा देत नाही.

भरणकाम (लातूर)

तार मिळाली की निम्मंच काम झालं बरं का. ०.०६३ ची तार सत्तर-ऐंशी ग्रॅम ताणाला तुटती. तिला पंचवीस-तीस ग्रॅमच्या पुढं ओढायचं नाही. रीळ आडव्या दांडीवर फिरतं ठेवलं तर सुरुवातीच्या झटक्यालाच तुटंल, कारण अख्खं रीळ फिरवायची ताकद त्या तारेत नाही. रीळ जमिनीवर उभं ठेवा, हलू देऊ नका, आन् तार वरच्या कडेवरून सरळ वर जाऊ द्या. मासेमारीच्या गळाचं रीळ जसं सुटतं तसं. वरची कड नखानं तपासा. बारीक खरचटा असला तरी तार तिथंच अडकून तुटती. मग दोन नमद्याच्या तुकड्यांमधून तार घ्या, त्यांचा दाब कमीजास्त करून ताण ठरवता येतो.

घामाचा हात तारेला लावू नका. आपल्याकडं उन्हाळ्यात हात कोरडा राहत नाही, सुती हातमोजे घाला. घामातलं मीठ तारेवर राहिलं की वर्ष-दोन वर्षांनी तिथं हिरवं चढतं आन् तार तुटती. बँजोवाले पिकअप मरायचं एक मोठं कारण तेच असणार, मिरवणुकीत पाऊस आन् घाम दोन्ही आत जातं. जिथं तार थेट चुंबकावर गुंडाळलेली असती तिथं तर लोखंडाचा गंज पण मदतीला येतो. गुंडाळायच्या आधी चुंबकांवर पातळ टेपचा एक वेढा घ्या.

जाता जाता, वेढे मोजायला काउंटर विकत आणू नका. जुना कॅल्क्युलेटर घ्या, '=' च्या बटणाच्या दोन टोकांना रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा) जोडा, फिरत्या चाकाला चुंबक लावा. १ + १ दाबून सोडून दिलं की चाकाच्या दर फेऱ्याला आकडा एकनं वाढतो. सगळ्या कॅल्क्युलेटरवर चालत नाही, घ्यायच्या आधी '=' पुन्हा पुन्हा दाबून बघा. लई जोरात फिरवलं तर त्याला मोजायला जमत नाही, सावकाश घ्या.

गोदाकाठ

वाचनखूण साठवली! काका, कॅल्क्युलेटरवाली युक्ती आजच करून बघितली, चालती.

तार मिळाली. चिकलठाण्याच्या एका युनिटकडून लेबलसकट अर्धवट रिळं, पावतीवर. लेबलावर ०.०६३, सोल्डरेबल. सुईवरचे पन्नास वेढे साडेतीन मि.मी.ला थोडे वर भरले. दहा मीटरला मीटर ६० ओम दाखवायलाय. पत्र्याची खोली, आत ४० अंश तर नक्की असंल, म्हणजे ताईंच्या हिशेबानं बरोबर बसतंय ना?

जुन्या बँजोच्या पिकअपची तार कापून काट्यावर टाकली, तीही याच मापाची निघाली. वेढे काढलेत, गिटारीपेक्षा कमीच आहेत, पण बॉबिनही लहान आहे.

आता वेढे हलू नयेत म्हणून पिकअप मेणात बुडवतात, त्या मेणाचं सांगा. कोणतं मेण, किती तापवायचं?

किलोओम

५५ ला आठ टक्के मिळवले की ६० च्या जवळ येतं. तांबंच आहे.

वाळूज शिफ्ट

पॅराफिन चार भाग, मधमाशीचं मेण एक भाग. नुसतं पॅराफिन गार झाल्यावर ठिसूळ होतं. ६०-६५ अंशाच्या वर जाऊ देऊ नका, प्लॅस्टिकची बॉबिन वाकते. थर्मामीटर हवाच. मेणाचं भांडं थेट गॅसवर कधीच ठेवायचं नाही, पेट घेतं. पातेल्यात पाणी आणि त्यात मेणाचं भांडं. पिकअप बुडवला की बारीक बुडबुडे निघतात, ते थांबेपर्यंत राहू द्या. मग बाहेर काढून पुसा.

बँजोला मेण जास्तच गरजेचं. ढोल-ताशाच्या शेजारी, मोठ्या स्पीकरसमोर वाजतो. वेढे सैल राहिले की तेच थरथरायला लागतात आणि शिट्टी सुटते.

सहा तारा (अंबाजोगाई)

उशिरा आलो. आमच्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये तीन-चार जण गिटारवाले आहेत, सगळ्यांना एकेक पिकअप करून बघायचाय. एक किलोचं नवीन रीळ मागवून आपसात वाटून घ्यावं का? माझ्याकडं रिकामी शिलाईची रिळं आहेत, त्यावर थोडी थोडी तार काढून एसटी पार्सलनं पाठवता येईल. आणि बेस गिटारला कोणती तार?

भरणकाम (लातूर)

तार वाटू नका. एका रिळावरून दुसऱ्यावर काढताना ती ताणली जाती, लांबती, बारीक होती. शिलाईच्या रिळाच्या कडा तर असल्या तारेला सुरीसारख्या. वर पार्सल आपटत येणार. तीन-चार पिकअपला सव्वाशे ग्रॅम लागतं, किलो घेऊन बाकीचं काय करताव? अर्धवट रीळ एक बघा आन् सगळ्यांनी बॉबिनी घेऊन एका घरी बसा. रीळ जागेवर राहू द्या, माणसं हलवा.

बेसलासुद्धा बहुतेक ठिकाणी हीच तार चालती.

गोदाकाठ

अंबाजोगाईहून गंगाखेड काही लांब नाही. मशीन लावून ठेवलंय, रीळही शिल्लक आहे. बॉबिन आणि चुंबक तेवढं घेऊन या. येण्याआधी व्यक्तिगत निरोप करा, कारण सोमवारी आमच्या फीडरला दुपारपर्यंत लाईट नसती.